गेटबाहेर लागलेला निकाल

वाचकाचं पत्र

ताई,

आमच्या प्रवेश परीक्षेचा केमिस्ट्रीचा पेपर नुकताच झाला. सगळे पर्यायी प्रश्न, आणि चुकलं की गुण वजा. हॉलमधून बाहेर पडले तेव्हा पेपर बरा गेला असंच वाटत होतं. मग गेटबाहेर आम्ही पाचजणी जमलो, 'तुझं काय आलं?' सुरू झालं, आणि दहा मिनिटांत माझा पेपर वाईट गेलेला होता.

तीन प्रश्न डोक्यातून जात नाहीत. एक, अमोनिया तयार होण्याची अभिक्रिया समतोलात असताना तिच्यात आर्गॉन सोडला तर काय होईल? मी 'काहीच फरक पडणार नाही' केलं, बाकी चौघींनी 'समतोल डावीकडे सरकेल'. दोन, १० चा उणे ८ वा घात मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा पीएच. मी आधी ८ केलं होतं, शेवटच्या पाच मिनिटांत बदलून ६.९८ केलं. सगळ्यांचं ८ आहे. पहिलं मनात आलेलं उत्तर बदलू नये म्हणतात, ते खरंच असणार. तीन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांत पहिली आयनीभवन ऊर्जा कुणाची जास्त? इथे मला पक्की खात्री होती. एका मैत्रिणीने नायट्रोजन म्हटलं तेव्हा मी सगळ्यांसमोर 'अगं, हे तर एकदम बेसिक आहे, ऑक्सिजन!' असं बोलून गेले. ती गप्प झाली आणि निघून गेली. तेव्हापासून माझा फोन उचलत नाही.

रोज रात्री मी गुण मोजते आणि दर वेळी वेगळाच आकडा येतो. फिजिक्स आणि गणित अजून बाकी आहे, पण पुस्तक उघडलं की आर्गॉनच दिसतो. आई म्हणते, पेपर झाल्यावर कुणाशी बोलायचंच नाही. मैत्रिणींना तोडून टाकू का?

— केमिस्ट्रीत अडकलेली

उत्तर

प्रिय अडकलेली,

तू ज्या क्रमाने लिहिलंस त्या क्रमाने उत्तर देत नाही. तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्यात एक माणूस अडकलं आहे.

तुझ्या मैत्रिणीचं उत्तर बरोबर होतं. नायट्रोजनची पहिली आयनीभवन ऊर्जा, म्हणजे अणूतला पहिला इलेक्ट्रॉन काढून घ्यायला लागणारी ऊर्जा, मोलमागे सुमारे १४०२ किलोज्यूल आहे आणि ऑक्सिजनची सुमारे १३१४. तू ज्या नियमावर भरवसा ठेवलास तो खोटा नाही. आवर्तसारणीच्या ओळीत डावीकडून उजवीकडे जाताना ही ऊर्जा साधारणपणे वाढत जाते. कार्बनची १०८६, नायट्रोजनची १४०२, फ्लोरिनची १६८१. मधल्या ऑक्सिजनपाशी मात्र ती खाली येते. नायट्रोजनच्या तिन्ही पी कक्षकांत, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या ठरलेल्या जागांत, एकेक इलेक्ट्रॉन सुटा बसलेला असतो. ऑक्सिजनच्या चौथ्या पी इलेक्ट्रॉनला मात्र आधीच एक इलेक्ट्रॉन असलेल्या कक्षकात जोडीने बसावं लागतं. एकाच कक्षकातले ते दोन इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर ढकलतात, म्हणून त्यातला एक काढून घेणं सोपं जातं. नियम तुला येत होता, त्यातला अपवाद निसटला. परीक्षक नेमका असाच प्रश्न काढतो, कारण नियम पाठ असणारा आणि नियमामागचं कारण समजलेला यांच्यातला फरक त्याला पाहायचा असतो.

आता ही गोष्ट तिला सांग, आणि आजच सांग. ती फोन उचलत नसेल तर निरोप लिही. 'नायट्रोजनच बरोबर आहे. मी सगळ्यांसमोर जोरात बोलले ते चुकलं.' एवढंच पुरे. 'माझा तसा हेतू नव्हता', 'टेन्शनमध्ये होते' वगैरे जोडू नकोस, त्याने माफीचा सूर बदलतो. आणि हे दुसऱ्या कुणाकडून कळवू नकोस. ती गेले कितीतरी दिवस बरोबर उत्तराला चूक समजून घरी बसली असेल. तिचेही दोन पेपर राहिले आहेत. तुझ्या तीन प्रश्नांपैकी ज्याचं नुकसान अजूनही चालू आहे आणि जे थांबवणं तुझ्या हातात आहे, तो हा एकच.

ती लगेच विरघळेल असं नाही. तिने उत्तर दिलं नाही तरी पुन्हा पुन्हा लिहून तिच्या अभ्यासात व्यत्यय आणू नकोस. तिला कळलं, हे महत्त्वाचं.

यात तुझ्यासाठीही एक बरी गोष्ट आहे. मानसशास्त्रज्ञ ब्रॅडी बटरफील्ड आणि जॅनेट मेटकाफ यांनी २००१ मध्ये दाखवून दिलं की जे उत्तर आपण पूर्ण खात्रीने चुकतो, ते बरोबर उत्तर कळल्यावर अधिक पक्कं दुरुस्त होतं. कमी खात्रीच्या चुका तितक्या सहज सुधारत नाहीत. तू नायट्रोजनला यापुढे विसरशील असं मला वाटत नाही.

आता पीएच. इथे सगळ्यांचं ८ आहे आणि तुझं एकटीचं ६.९८, म्हणून तू स्वतःला चूक धरून चालली आहेस. क्षणभर त्या चौघींना बाजूला ठेव आणि फक्त द्रावणाकडे बघ. ८ म्हणजे आम्लधर्मी नव्हे, थेट अल्कधर्मी. पाण्यात आम्ल टाकलं, आणि पाणी अल्कधर्मी झालं? कितीही थोडं आम्ल टाकलं तरी २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ च्या वर जाऊ शकत नाही. घातांक बघून ८ लिहिताना पाण्याचा स्वतःचा वाटा विसरला जातो. शुद्ध पाण्यातच लिटरमागे १० चा उणे ७ वा घात मोल इतके हायड्रोजन आयन असतात, म्हणजे तुमच्या आम्लाने दिलेल्यांच्या दहापट. दोन्हींची सरळ बेरीजही करता येत नाही, कारण आम्ल आल्यावर पाण्याचं आयनीभवन थोडं मागे सरतं. समीकरण नीट सोडवलं तर हायड्रोजन आयनांची संहती १.०५ गुणिले १० चा उणे ७ वा घात इतकी येते आणि पीएच ६.९८. शिवाय पर्यायांत ६.९८ होतं, ही गोष्टच बोलकी आहे. असा दोन दशांशांचा आकडा परीक्षक उगाच ठेवत नाही.

तेव्हा शेवटच्या पाच मिनिटांत तू चुकीचं उत्तर बदलून बरोबर केलंस. आणि 'पहिलं उत्तर बदलू नये' हा सल्ला तर मला मनापासून खटकतो, कारण तो इतक्या प्रेमाने दिला जातो आणि इतकं नुकसान करतो. जस्टिन क्रूगर, डेरिक विर्ट्झ आणि डेल मिलर यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दीड हजारांहून जास्त विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांवरच्या खोडाखोडीच्या खुणा तपासल्या. बदललेल्या उत्तरांपैकी ५१ टक्के चुकीचं खोडून बरोबर केलेली होती. बरोबर खोडून चूक केलेली २५ टक्के, आणि एक चूक खोडून दुसरी चूक केलेली २३ टक्के. म्हणजे बदलून फायदा झालेले तोटा झालेल्यांच्या दुप्पट. तरी समज उलटाच का? कारण हातात असलेलं घालवल्याची हळहळ जास्त टोचते आणि तीच लक्षात राहते. बदलून गुण मिळाले तर कुणी घरी येऊन सांगत नाही. अर्थात बदलताना काहीतरी कारण हवं. नुसती धाकधूक म्हणून बदललं तर तो जुगारच. तुला कारण सापडलं होतं, म्हणून तू बदललंस. गणिताच्या पेपरातही सापडलं तर बदल.

राहिला आर्गॉन, जो तुला सगळ्यात जास्त छळतो आहे. याचं उत्तर मी देऊ शकत नाही, तू देऊ शकत नाहीस आणि तुझ्या चौघी मैत्रिणीही देऊ शकत नाहीत. का ते सांगते.

भांड्याचं आकारमान स्थिर असेल तर आर्गॉन आत येऊन नुसता बसून राहतो. एकूण दाब वाढतो, पण नायट्रोजन, हायड्रोजन आणि अमोनिया यांचे आंशिक दाब, म्हणजे एकूण दाबातला प्रत्येकाचा वाटा, होते तेवढेच राहतात. समतोल जागचा हलत नाही. तुझं उत्तर बरोबर. पण एकूण दाब स्थिर ठेवला असेल तर आर्गॉनला जागा करून द्यायला आकारमान वाढावं लागतं. समज, ते दुप्पट झालं. तिन्ही वायूंचे आंशिक दाब निम्मे होतात. समतोलाच्या सूत्रात अमोनियाचा वर्ग वर असतो, नायट्रोजन आणि हायड्रोजनचा घन खाली. वरचा भाग चौथाई होतो, खालचा सोळावा हिस्सा. भागाकार चौपट. तो पुन्हा स्थिरांकाइतका व्हायचा तर अमोनिया मोडून नायट्रोजन आणि हायड्रोजन तयार व्हायला हवेत. समतोल डावीकडे सरकतो. मैत्रिणींचं उत्तर बरोबर.

सगळा प्रश्न 'आकारमान स्थिर' की 'दाब स्थिर' या दोन शब्दांवर उभा आहे, आणि तुझ्या पत्रात ते दोन शब्दच नाहीत. तू एवढं सविस्तर लिहिलंस, आर्गॉन लक्षात राहिला, अमोनिया लक्षात राहिला, चौघींचं उत्तर लक्षात राहिलं. फक्त ज्याच्यावर उत्तर ठरतं ते राहिलं नाही. हा तुझा दोष नाही. कुणाचीच आठवण प्रश्नपत्रिकेची छापील प्रत ठेवत नाही. तिच्यात विषय राहतो, आपली खूण राहते आणि वाद राहतो. 'स्थिर आकारमानाला', 'पुढीलपैकी कोणते चूक', 'सर्वात कमी' असे छोटे शब्द गळून जातात. केमिस्ट्रीच्या पेपरात तर अर्धे गुण अशाच शब्दांत असतात.

बरं, आता तू आठवायला बसलीस तरी उपयोग नाही. फिओना गॅबर्ट, अमिना मेमन आणि केविन ॲलन यांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोघादोघांना एकाच घटनेची चित्रफीत दाखवली, पण दोन वेगळ्या कोनांतून, म्हणजे काही तपशील एकालाच दिसतील असे. दोघांनाही वाटत होतं की आपण तीच फीत पाहिली. मग त्यांना आपसात बोलू दिलं आणि नंतर प्रत्येकाला एकटं विचारलं. बोललेल्यांपैकी ७१ टक्के लोकांनी स्वतः न पाहिलेली, जोडीदाराकडून ऐकलेली गोष्टही सांगितली. गेटबाहेर तुम्ही पाचजणी होता, पेपरने डोकं शिणलेलं, आणि चौघींचं एकमत. त्या दहा मिनिटांनंतर तुझ्या मनात जो आर्गॉनचा प्रश्न आहे तो पेपरातला नाही, गेटवरचा आहे. म्हणून तो सोडवून संपत नाही. त्याला सोडून दे, असं मी म्हणते ते तुला बरं वाटावं म्हणून नव्हे. तो सोडवायला लागणारी माहिती तुझ्याकडे नाही, म्हणून.

एक गोष्ट मात्र त्या चौघींबद्दलही लक्षात घे. चारजणींचं एकच उत्तर म्हणजे चार पुरावे नव्हेत. एकाच शिकवणीत, एकाच नोट्समधून शिकलेल्यांचा गैरसमजही एकच असतो. पीएचच्या प्रश्नात तेच झालेलं दिसतं. वेगवेगळ्या सेटमध्ये पर्यायांचा क्रम वेगळा असतो, त्यामुळे 'माझं बी आलं' या वाक्याला तर काहीच अर्थ नाही.

रात्रीच्या मोजणीबद्दल. आकडा दर वेळी बदलतो, कारण तू पेपर मोजत नाहीस, शंका मोजतेस. जे प्रश्न तू सरळ सोडवून पुढे गेलीस ते गेटवर कुणी काढले नाहीत, रात्रीही ते आठवत नाहीत. आठवतात ते अडलेले. अशा नमुन्यावरून काढलेली बेरीज नेहमी वाईटच दिसणार. त्यात प्रमाणित परीक्षेचे गुण बऱ्याचदा नुसत्या बेरजेने ठरत नाहीत. वेगवेगळ्या सत्रांचे पेपर कमीजास्त कठीण असतात, तो फरक भरून काढायला कच्च्या गुणांचं सामान्यीकरण करतात, किंवा गुणांऐवजी पर्सेंटाइल देतात. काही परीक्षांत पुढच्या पेपरांसाठी चाचपून पाहायचे प्रश्न मिसळलेले असतात, त्यांचे गुण धरलेच जात नाहीत, आणि ते कुठले हे परीक्षार्थीला कळत नाही. एखादा प्रश्न नंतर चुकीचा ठरला म्हणून रद्द होतो. या सगळ्यातून निघणारा आकडा अंथरुणात पडून काढता येणार नाही. ज्या पेपरात सगळ्यांना आम्लाचा पीएच ८ वाटतो तो पेपर सगळ्यांनाच जड गेलेला असतो, हेही विसरू नकोस.

तरी रात्री मोजावंसं वाटेल. तेव्हा एका कागदावर तीन ओळी लिही. 'आयनीभवन ऊर्जा, ऑक्सिजनचा अपवाद. विरल आम्लात पाण्याचा वाटा. निष्क्रिय वायू, आकारमान की दाब.' आणखी काही आठवलं तर खाली जोड, उत्तर मात्र शोधू नकोस. कागद केमिस्ट्रीच्या पुस्तकात ठेव आणि ते पुस्तक दुसऱ्या खोलीत. मन एखादी गोष्ट घोळत बसतं त्याचं एक कारण ती हरवेल ही भीती. लिहिलेलं हरवत नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिक्स वाचायला बसू नकोस, सोडवायला बस. नुसत्या वाचनात आर्गॉनला शिरायला भरपूर जागा असते. हातात पेन असलं, समोर घड्याळ असलं आणि उदाहरण अर्ध्यावर असलं की ती जागा कमी होते. सुरुवात तुला येणाऱ्या धड्यापासून कर.

तुझ्या आईचं म्हणणं मला अर्धं पटतं. परीक्षा चालू असताना पेपर उकलत बसू नये, हे तिचं बरोबर आहे. मी तर आणखी पुढे जाऊन सांगते. तीच परीक्षा इतर कुणी पुढच्या सत्रात देणार असेल तर प्रश्न सांगणं, लिहून पाठवणं हे नुसतं अविचाराचं नाही, बऱ्याच परीक्षांत ते नियमाविरुद्ध असतं आणि त्यापायी निकाल रोखला जाऊ शकतो. तुमच्या ग्रुपवर कुणी आठवून आठवून प्रश्न टाकत असेल तर तू त्यात भर घालू नकोस.

पण कायमचं न बोलणं, मैत्रिणी तोडणं, याला माझा साफ विरोध आहे. तुम्ही पाचजणी अमोनियावर भांडलात, म्हणजे पाचजणींना त्यात रस होता. इतका जिवंत प्रश्न वर्गात क्वचित मिळतो. शेवटचा पेपर झाला, दोन दिवस झोपा काढल्या, की एकत्र बसा. तेव्हा आधी कुणीही बोलायचं नाही. प्रत्येकीने आपल्याला आठवतो तसा प्रश्न वेगळ्या कागदावर लिहायचा आणि मग कागद शेजारी ठेवायचे. पाच कागदांवर आर्गॉनचे निदान तीन वेगळे प्रश्न निघतील असं माझं म्हणणं आहे, आणि ते बघूनच निम्मा ताण जाईल. मग सगळे सोडवा. स्थिर आकारमानाचा, स्थिर दाबाचा, आणि हायड्रोजन-आयोडीनचा सुद्धा, जिथे दोन्ही बाजूंना मोल सारखेच असल्यामुळे आकारमान स्थिर असो की दाब, आर्गॉनने फरक पडत नाही. 'काय आलं' यापेक्षा 'कसं आलं' विचारा. जिचं चुकलं तिने आपण कुठून कुठे गेलो ते सांगायचं, आणि तोवर बाकीच्यांनी मधे बोलायचं नाही. नायट्रोजनचा प्रश्न समजावून सांगायला त्या मैत्रिणीलाच सांग. तिला तो येतो.

अधिकृत उत्तरसूची काढण्याची पद्धत तुमच्या परीक्षेत असेल तर त्या दिवशी स्वतःची नोंदवलेली उत्तरं समोर घेऊन एकदा, एकदाच, पडताळून बघ. एखादं उत्तर चुकीचं छापलंय असं वाटलं तर मुदतीत आक्षेप नोंदव, पण पुस्तकातला आधार जोडून. 'आमच्या सगळ्यांचं हेच आलं' हा आधार नाही.

पुढच्या पेपरला बाहेर पडशील तेव्हा तेच गेट असेल आणि त्याच मैत्रिणी. कुणीतरी विचारणारच, 'सतराव्याचं काय आलं गं?' तोंड फिरवून निघून जाऊ नकोस, ते उगाच झोंबतं. 'गणित होऊ दे, मग माझ्याकडे बसू सगळ्या' म्हण, आणि बोलता बोलता घराच्या दिशेने चालायला लाग.

— तुझी ताई